झिजलेल्या पात्यावर नवा थर : शेती अवजारांचं हार्डफेसिंग

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत दोन-तीन हंगाम राबलेलं रोटाव्हेटरचं पातं नव्या पात्याशेजारी ठेवून पाहावं. बोल्टची भोकं जशीच्या तशी असतात, देठावरचा कारखान्याचा शिक्काही वाचता येतो. झिजलेलं असतं ते वळणापुढचं आडवं पान. त्याची रुंदी घटलेली, बाहेरचा कोपरा गोल झालेला, धार बोथट होऊन चकाकणारी. बहुतेक लोखंड शाबूत असताना थोड्याशा धातूपायी सगळं पातं भंगारात जातं.

ही गेलेली धातू भरून काढता येते, आणि ती मूळ पोलादापेक्षा अधिक टिकाऊ प्रकारची निवडता येते. झिजणाऱ्या जागेवर वेल्डिंगने कठीण मिश्रधातूचा थर चढवण्याच्या या कामाला दुकानात ‘हार्डफेसिंग’ म्हणतात. साधी वेल्डिंग मशीन, योग्य रॉड आणि थोडी शिस्त एवढ्यावर ते तालुक्याच्या ठिकाणीही होतं. चुकतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. माती न पाहता सर्वात कठीण रॉड घेतला जातो, पातं पार संपल्यावर दुकानात आणलं जातं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने देठाचं काय होतं याकडे कुणाचं लक्ष नसतं.

बोथट पातं माती कापत नाही, ढकलतं. ट्रॅक्टर दाबला जातो, चिखलणीला एक फेरी वाढते, ढेकळं तशीच राहतात. हा खर्च पात्याच्या बिलात कधी दिसत नाही, डिझेलच्या बिलात दिसतो.

कल्पना जुनीच

लोहाराने फाळाचं टोक तापवून ठोकावं, पाजवावं, पाणी द्यावं, फारच झिजला तर पोलादाचा तुकडा जोडून द्यावा, ही गावची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी शंका शेतकऱ्यांना होती आणि पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं थांबावं लागलं. नांगर रुळला, आणि झिजलेला फाळ बदलणं हा शेतीचा नेहमीचा खर्च होऊन बसला.

महाराष्ट्रात हार्डफेसिंग सर्वात जास्त पाहायला मिळतं ते साखर कारखान्यांत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला आणि त्यामागून राज्यभर कारखान्यांची रांग लागली. उसाबरोबर येणारी माती आणि वाळू कोयते, ऊस पिंजणाऱ्या फायब्रायझरचे हातोडे आणि मिलचे रोलर खात असते. म्हणून ऑफ सीझनला कोयते आणि हातोडे उतरवून त्यांवर कठीण थर चढवले जातात. रोलरच्या दातांवर तर गाळप सुरू असताना, रोलर फिरत असताना, रसाच्या ओघळातच वेल्डर रॉडचे ठिपके टाकत जातो. दात खरखरीत राहिले की रोलर ऊस पकडतो. गुळगुळीत झाले की ऊस घसरतो. कारखान्याच्या भाषेत याला ‘आर्किंग’ म्हणतात.

दुसरं उदाहरण ठाणेकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. कल्याण जंक्शनला एक मार्ग कर्जतकडे आणि दुसरा कसाऱ्याकडे वळतो. रूळ रुळाला छेदतो तिथे बसवलेल्या क्रॉसिंगच्या नाकावर प्रत्येक चाक आदळतं. भारतीय रेल्वे अशी झिजलेली क्रॉसिंग दरवेळी फेकून देत नाही. ठरलेल्या पद्धतीने, मंजूर झालेल्या रॉडने त्यांवर भर घालून, घासून मूळ आकार आणते आणि पुन्हा वापरते.

आपली माती काय करते

झीज दोन तऱ्हेची असते. वाळूचे बारीक कण सतत घासत राहतात ती एक. दगड आदळतो, बांधाच्या कडेचा कातळ लागतो, तो मार ही दुसरी. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. घासणीला अत्यंत कठीण थर लागतो आणि असा थर ठिसूळ असतो. माराला चिवट थर लागतो आणि तो घासणीपुढे लवकर हार मानतो.

वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या विकर्स मोजणीत १,००० च्या वर जातं. पॉवर टिलरच्या पात्यांसाठीच्या आयएस ६६९० या भारतीय मानकात धारेचा कठीणपणा ५६ रॉकवेल-सी, तीन अंक इकडे-तिकडे, असा दिला आहे. विकर्समध्ये तो साधारण ६०० भरतो. म्हणजे वाळूचा कण पात्याला सहज ओरखडतो. हार्डफेसिंगच्या थरात तयार होणारे क्रोमियम कार्बाइडचे कण १,३०० ते १,८०० विकर्सचे असतात. त्यांच्यापुढे वाळू नमते.

ठाणे जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर आहे. या काळ्या दगडात क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. त्यातली फेल्डस्पारसारखी खनिजं क्वार्ट्झहून मऊ असतात. त्यामुळे खोल मातीच्या खाचरात घासणी वाळवंटी मुलखाइतकी तीव्र नसते. पण उताराच्या वरकस जमिनीत मुरूम आणि गोटे भरपूर, आणि खाचराच्या कडेला बांधाचे दगड. उल्हास किंवा काळू नदीच्या काठचं रेताड शेत असेल तर गणित पुन्हा बदलतं, तिथे वाळू मुख्य शत्रू ठरते. एकाच गावात दोन शेतकऱ्यांना दोन वेगळे रॉड लागू शकतात.

निदानासाठी जुनं पातं पुरतं. धार एकसारखी गुळगुळीत, चकचकीत झिजली असेल तर ती घासणी. धारेला खाचा, कोपरे तुटलेले, पान वाकलेलं असेल तर तो मार. दोन्ही खुणा एकत्र असतील तर आधी माराचा विचार करावा. कारण घासून गेलेला थर पुन्हा घालता येतो, तुकडा पडलेलं पातं मात्र हंगामाच्या मधोमध रोटर थांबवतं.

कशावर चढवावं, कशावर नाही

रोटाव्हेटर आणि पॉवर टिलरची पाती, कल्टिव्हेटरच्या फणांची टोकं, पल्टी नांगराचे फाळ आणि जमिनीला घासत जाणारी तळाची पट्टी यांना हार्डफेसिंग मानवतं. उसाच्या पट्ट्यात सरीच्या रिजरची टोकंही याच यादीत येतात.

भोकं लांबट झालेलं, वळणाला चीर गेलेलं किंवा पीळ बसलेलं पातं बाजूला काढावं. त्यावर रॉड घालवणं म्हणजे गळक्या कौलाखाली भिंत रंगवणं. पातळ तव्याची हॅरो उष्णतेने वाकते. मळणी यंत्राचे आणि श्रेडरचे वेगाने फिरणारे हातोडे तोल सांभाळण्याची सोय नसलेल्या दुकानात देऊ नयेत. ओतीव लोखंडाच्या भागांची रीत पूर्ण वेगळी आहे; पात्याचा रॉड त्यांवर चालवू नये.

वेळेची गोष्ट सर्वात महत्त्वाची. नव्या किंवा जेमतेम झिजलेल्या पात्यावर थर चढवला तर कमी रॉडमध्ये काम होतं आणि आकार आपोआप राखला जातो. पान अर्धं गेल्यावर आणलं तर आधी साध्या भरावाच्या रॉडने उंची आणावी लागते, मग वर कठीण थर. रॉड दुप्पट, उष्णता दुप्पट, आणि पातळ झालेल्या पानाला भोक पडण्याची भीती वेगळीच.

आधी लोखंड ओळखावं

पात्याचं पोलाद कोणतं, हे दुकानात क्वचितच कुणाला ठाऊक असतं. ग्राइंडरची ठिणगी बरंच सांगते. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फाट्यांच्या असतात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या चाकाजवळच फुटतात आणि त्यांना दाट फुलोरा येतो. ओतीव लोखंडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. रोटाव्हेटरची पाती बहुधा स्प्रिंग पोलादाची किंवा बोरॉन पोलादाची असतात, म्हणजे कडक पाणी दिलेली आणि उष्णतेला हळवी.

चुंबकही लावून पाहावा. चिकटला नाही तर तो भाग मँगनीज पोलादाचा किंवा एखाद्या स्टेनलेस जातीचा असण्याची शक्यता आहे. शेतीच्या पात्यांत मँगनीज पोलाद फारसं नसतं, पण खडी क्रशरच्या जबड्यांत आणि रेल्वेच्या ओतीव क्रॉसिंगमध्ये असतं.

हा फरक ठाणे जिल्ह्यात विशेष जपायला हवा. इथे खदानी आणि क्रशर आहेत, आणि क्रशरच्या जबड्यांवर थर चढवणारा वेल्डरच पुष्कळदा रोटाव्हेटरची पातीही हातात घेतो. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेलं मँगनीज पोलाद जास्त तापलं की ठिसूळ होतं. म्हणून त्यावर काम करताना ते मुद्दाम थंड ठेवतात, प्रसंगी पाणीही मारतात. स्प्रिंग पोलादाचं नेमकं उलट आहे. गरम पात्यावर पाणी पडलं की वेल्डिंगखालचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि तिथून चीर निघते. एका कामात कमावलेली सवय दुसऱ्या कामात नुकसान करते.

रॉडची निवड

अडॉर, एसाब, इवॅक अशा कंपन्यांचे हार्डफेसिंग रॉड ठाणे-कल्याणच्या वेल्डिंग साहित्याच्या दुकानांत मागवता येतात. नावं आणि नंबर प्रत्येकाचे वेगळे, पण घराणी ठरलेली आहेत. दुकानदाराकडे नंबर मागण्याऐवजी घराणं सांगावं.

भरावाचा रॉड : गेलेली उंची आणण्यासाठी. लो-हायड्रोजन ७०१८ किंवा भरावासाठीचा कमी मिश्रधातूचा रॉड. तो स्वतः फार कठीण नसतो, वरच्या थराला आधार देतो.

मधल्या थराचा रॉड : पोलाद अनोळखी असेल, आधीची चीर भरलेली असेल तेव्हा स्टेनलेस जातीचा, २९-९ म्हणून ओळखला जाणारा रॉड एका थरापुरता वापरतात. तो चिवट असतो आणि खालच्या चिरांना वर येऊ देत नाही.

मध्यम कठीण रॉड : ५५ ते ६० रॉकवेल-सी देणारा, क्रोमियम साधारण ६ ते ८ टक्के. घासणीही सोसतो आणि बऱ्यापैकी मारही. मुरूम-गोट्याच्या जमिनीसाठी पहिली पसंती याची.

जास्त क्रोमियमचा रॉड : कार्बन ३ ते ५ टक्के, क्रोमियम २५ ते ३५ टक्के. थरभर कार्बाइडचे कण असतात. रेताड, दगडविरहित जमिनीत सर्वाधिक टिकतो. दगड लागला की थराच्या कपच्या उडतात.

टंगस्टन कार्बाइडचे रॉड यांच्याही वर आहेत, पण किमतीमुळे ते खोदकामाच्या यंत्रांना शोभतात. भाताच्या पात्यावर तो खर्च सहसा निघत नाही.

जास्त क्रोमियमचा थर थंड होताना त्याला आडव्या बारीक चिरा पडतात, साधारण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या अंतराने. पहिल्यांदा पाहणाऱ्याला काम बिघडल्यासारखं वाटतं. या चिरांतून थराचा ताण मोकळा होतो, त्या अपेक्षितच असतात. चीर थर ओलांडून पात्याच्या पोलादात उतरली, किंवा थराच्या कडेने लांबीच्या दिशेने धावू लागली, तर मात्र पातं नाकारावं.

दोन थरांवर थांबावं. पहिल्या थरात खालचं पोलाद २० ते ४० टक्क्यांपर्यंत मिसळतं, त्यामुळे पुरा कठीणपणा दुसऱ्या थरात येतो. तिसऱ्या थराने जाडी वाढते आणि सोबत थर सुटून पडण्याचा धोकाही.

उष्णतेचा हिशेब

आयएस ६६९० मध्ये धारेचा आणि देठाचा कठीणपणा वेगळा ठेवला आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. धार ५६ च्या आसपास, देठ ३७ ते ४५. धार कापण्यासाठी, देठ धक्का पचवण्यासाठी. वेल्डिंगची उष्णता देठापर्यंत पोचली की ही वाटणी बिघडते, आणि शेतात पातं धारेशी न तुटता बोल्टजवळ वाकतं.

थंड पोलादावर थेट रॉड टेकवणंही चुकीचंच. कार्बन जास्त असलेलं पोलाद आधी कोमट-गरम केलं नाही तर वेल्डिंगखाली चीर जाते. पात्याची फक्त धारेकडची बाजू १५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी. दुकानात थर्मामीटर नसतो, पण सोल्डरची तार असते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची शिसं-कथलाची तार १८५ ते १९० अंशांच्या सुमारास वितळते. ज्योत बाजूला करून तार पात्यावर टेकवावी; ती ओघळू लागली की पुढे तापवायचं नाही. खूण केलेली जागा पुसून, घासून मगच वेल्डिंग करावं.

काम चालू असताना पोलादावर चढणारे रंग बघत राहावे. घासून पांढऱ्या केलेल्या लोखंडावर आधी फिकट पिवळी, मग तपकिरी आणि ३०० अंशांच्या आसपास निळी झाक येते. निळी झाक पानावर, थराच्या कडेला राहिली तर चालेल. ती वळणाकडे सरकू लागली की हातातलं पातं ठेवून दुसरं घ्यावं. देठ जाड लोखंडी पट्ट्यांत आवळून ठेवला तर उष्णता पट्ट्या ओढून घेतात. एका वेळी सहा-आठ पाती मांडून आळीपाळीने एकेक ओळ टाकत जाणं सर्वात सोयीचं. पातं फार तापत नाही आणि वेल्डर रिकामा बसत नाही.

झालेलं पातं कोरड्या राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून ठेवावं आणि हाताला सोसेल इतकं निवल्यावर काढावं. पाणी, ओली माती आणि पावसाळी वारा यांपासून ते दूर हवं.

कामाची रीत

पाती रोटरवरून उतरवूनच काम करावं. ट्रॅक्टरला जोडलेल्या रोटाव्हेटरवर वेल्डिंग केलं आणि अर्थिंगचा चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात. उतरवणं शक्यच नसेल तर बॅटरीची वायर काढावी, चिमटा पात्यालाच लावावा आणि अवजाराखाली लाकडी ठोकळे घ्यावेत. हायड्रॉलिकवर टांगलेल्या अवजाराखाली कुणी हात घालू नये.

गंज, माती, तेल, जुना सुटलेला थर ग्राइंडरने काढून पोलाद पांढरं करावं. बोथट, घडी पडलेली धार आधी घासून सरळ करावी. चीर दिसली तर ती मुळापर्यंत घासून काढावी. वरून रॉडने झाकलेली चीर आत तशीच राहते.

रॉड कोरडे हवेत. कोकणच्या दमट हवेत उघड्या पाकिटातले रॉड काही दिवसांत ओल धरतात आणि मग थरात बारीक भोकं पडतात. लो-हायड्रोजन रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांत तासाभराहून जास्त भाजावे लागतात. हार्डफेसिंग रॉडला याहून कमी उष्णता पुरते. पाकिटावर छापलेला आकडाच पाळावा. दुकानात रॉड भाजण्याची भट्टी आहे का, हा वेल्डरला विचारायचा पहिला प्रश्न.

करंट कमीत कमी, म्हणजे आर्क स्थिर राहील इतपत ठेवावा. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला बहुधा ९० ते १३० अँपिअर पुरतात. करंट वाढवला की खालचं पोलाद जास्त मिसळतं, म्हणजे महागाचा रॉड घालूनही थर मऊ निघतो. गावच्या फिडरवर दाब कमी असतो, त्या वेळी जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हे रॉड नीट पेटत नाहीत. इन्व्हर्टर मशीनचा डीसी करंट इथे उपयोगी पडतो.

थर अरुंद सरळ ओळींत टाकावा, हात फार डोलवू नये. प्रत्येक ओळीनंतर वरची खपली झाडून काढावी. भोकांपासून आणि वळणापासून दूर राहावं. आणि थर एकाच अंगाला द्यावा. एका बाजूला कठीण थर, दुसऱ्या बाजूला मूळ पोलाद असं असलं की पोलाद थोडं आधी झिजतं, कठीण कड पुढे राहते आणि पातं चालता चालता स्वतःला धार लावत जातं. दोन्ही बाजू मढवल्या तर धार जाड आणि बोथटच राहते. कोणती बाजू, हे जुनं पातं सांगतं. जिथे चकाकी जास्त, तिथे मातीचा दाब जास्त.

फणाच्या टोकाला आणि नांगराच्या फाळाला पूर्ण थर न देता ओळींची जाळी दिली तरी भागतं. मोठ्या गोट्यांच्या जमिनीत ओळी मातीच्या वाहण्याच्या दिशेने टाकतात; गोटा ओळींवरून घसरत जातो आणि मधल्या पोलादाला कमी लागतो. बारीक रेताड मातीत ओळी आडव्या टाकतात. मधल्या खाचांत माती गच्च बसते आणि तीच पोलादाचं कवच होते. मिश्र जमिनीत तिरकी चौकट.

रॉड किती, खर्च किती

पाच फुटी रोटाव्हेटरला बहुधा ३६ पाती असतात. प्रत्येक पात्यावर १० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड थर द्यायचा ठरवला तर धातू लागते ५ घन सेंटिमीटर, म्हणजे वजनात ३८ ग्रॅमच्या आसपास. ३६ पात्यांना जवळपास १ किलो ४०० ग्रॅम. रॉडचा बराच भाग खपलीत, ठिणग्यांत आणि हातात उरणाऱ्या तुकड्यांत जातो. शंभरातले साठ ग्रॅम थरात उतरतात असं धरलं तर सव्वादोन ते अडीच किलो रॉड लागेल.

रॉडचा किलोचा भाव, वेल्डरची मजुरी आणि वीज यांची बेरीज करून ती ३६ ने भागावी. शेजारी नव्या चांगल्या पात्याची किंमत लिहावी. हार्डफेसिंगचा खर्च नव्या पात्याच्या निम्म्यात बसत असेल आणि पातं जवळपास दुप्पट टिकत असेल तर उत्तर उघड आहे. खर्च नव्या पात्याइतकाच येत असेल, तर पाती उतरवण्या-चढवण्याचा खोळंबा टळला तरच तो परवडतो. भाड्याने रोटाव्हेटर फिरवणाऱ्याला हा खोळंबा फार महाग पडतो. ऐन चिखलणीत त्याच्या दारी रांग असते. एक-दीड एकराच्या घरच्या शेतीला मात्र नवीन पातीच स्वस्त पडू शकतात, आणि तसं दिसलं तर वेल्डिंगच्या नादी लागू नये.

तोलाचाही हिशेब ठेवावा. समोरासमोरच्या पात्यांचं वजन वाण्याच्या काट्यावर जुळवावं. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जड थराची पाती आली की रोटर थरथरतो, आणि पात्यांवर वाचलेले पैसे गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर खर्च होतात.

लेझर क्लॅडिंग आणि प्लाझ्मासारख्या पद्धतींत खालचं पोलाद कमी मिसळतं आणि थर नेमका बसतो, पण त्या मोठ्या यंत्रांच्या किमती भागांसाठी आहेत. फवारून बसवलेले काही थर पोलादात वितळून मिसळत नाहीत, नुसते धरून राहतात. दगडाच्या मारापुढे ते सुटतात. पात्यासाठी आजही साधा रॉड, किंवा काम जास्त असेल तर फ्लक्स भरलेली वायर, हाच व्यवहार आहे.

धूर आणि डोळे

हार्डफेसिंगचा धूर साध्या वेल्डिंगपेक्षा घातक असतो. त्यात क्रोमियम आणि मँगनीजची संयुगं असतात. क्रोमियमचं एक रूप फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे. काम उघड्यावर किंवा पंख्याने धूर बाजूला ओढला जाईल अशा जागी करावं, तोंडावर धातूच्या धुरासाठीचा मास्क असावा. ओढलेला रुमाल धूर अडवत नाही. निवताना कठीण थराच्या कपच्या आपोआप उडतात, म्हणून खपली झाडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, बघणाऱ्या पोरांना लांब ठेवावं.

ज्यांना हे काम स्वतः शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयटीआयमधला वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. अंबरनाथ, ठाणे अशा शासकीय संस्था रेल्वेच्या अंतरावर आहेत. डोंबिवली, अंबरनाथ, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत देखभालीच्या कामात मुरलेले वेल्डरही आहेत. त्यांना पात्यांपेक्षा पंप आणि कन्व्हेअरचा सराव जास्त, पण रॉड आणि उष्णतेची शिस्त तीच.

पहिल्या वर्षी काय करावं

सगळा रोटर एकदम देऊ नये. चैत्रात, खाचरं कोरडी आणि वेल्डर मोकळा असताना, आठ पाती काढावीत. चारांवर मध्यम कठीण रॉडचा थर, चारांवर जास्त क्रोमियमचा. सेंटर पंचने देठावर एक आणि दोन ठिपक्यांची खूण करावी, प्रत्येक पात्याचं वजन वहीत लिहावं. रोटरच्या टोकाची पाती मधल्यांपेक्षा वेगळी झिजतात, म्हणून दोन्ही जातींची पाती टोकाला आणि मध्येही येतील, आणि समोरासमोर समान वजन पडेल, अशी चढवावीत. उरलेल्या जागी साधी पाती राहू द्यावीत, त्यांतल्या चारांचंही वजन लिहून ठेवावं.

पहिले दहा-बारा तास चालल्यावर एकदा बोल्ट आवळावेत आणि थराच्या कडा पाहाव्यात. कपची उडायची असेल तर ती बहुधा याच वेळात उडते. लावणी संपली की पाती धुवून, वाळवून पुन्हा काट्यावर ठेवावीत. गेलेले ग्रॅम आणि चाललेले तास यांचा भागाकार केला की आपल्या मातीत कोणता रॉड किती टिकतो हे कळतं. पुढच्या चैत्रात वेल्डरकडे जाताना ती वही आणि झिजलेली तीन पाती, प्रत्येक जातीचं एक, सोबत न्यावीत.